प्रकल्प नोंदी: मावशीची चाल कुठे मोडायची (शॉट ७)

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

शॉट ७ आजपासून माझ्याकडे. ॲनिमेशन फिल्म छोटीच आहे पण सगळी याच शॉटवर उभी आहे असं ताईचं म्हणणं, आणि ताई दिग्दर्शक असल्यामुळे तिचं म्हणणं फायनल. मावशी डोक्यावर माशांची पाटी घेऊन प्लॅटफॉर्मवरून झपाझप येतेय, बाजूने जरा मागून हाक येते "ओ मावशीऽऽ", ती थांबते, वळते, बाकड्याशी उभ्या बाईला "जरा हात लाव गं" म्हणते आणि दोघी मिळून पाटी उतरवतात. संपलं. दहा सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशोबाने २४० फ्रेम.

मध्ये कट नाही हाच सगळा वांधा आहे. कट असता तर चालणं एका शॉटमध्ये, थांबणं दुसऱ्यात, सांध्याचा प्रश्नच आला नसता. चालणं हे रिपीट होणारं काम, एक सायकल नीट बसवली की हवी तेवढी लांबवा. वळणं, वाकणं, पाटी उतरवणं हे सगळं मोकळं काम, त्यात एकही पोझ दुसऱ्यांदा येत नाही. आणि बघणाऱ्याला कुठे एक संपलं नि दुसरं सुरू झालं हे कळता कामा नये. बहुतेक ठिकाणी कळतं. आपल्याकडच्या टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये बघा, पोरगं चालत येतं, मग अर्धा सेकंद काहीतरी मऊ मऊ घसरल्यासारखं होतं, मग बोलायला लागतं. ते मऊ मऊ मला नकोय.

रिग, म्हणजे कॅरेक्टरचा हलवता येणारा सांगाडा, तयार आहे. पायाला आयके (तळवा ठेवला तिथे राहतो, गुडघा आपोआप वाकतो), हाताला सध्या एफके (एकेक सांधा कोनाने फिरवायचा), अख्ख्या अंगाला पुढे नेणारं रूट बोन वेगळं. रिगवाल्या पोराला सांगून पाटी आणि तिच्याखालची चुंबळ वेगळी करून घेतली, त्याने एकाच मेशमध्ये जोडून ठेवली होती. का वेगळी ते पुढे येईलच.

५ ऑगस्ट

पहाटे ताईबरोबर भाऊच्या धक्क्यावर. डॉकयार्ड रोडला उतरून चालत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते म्हणून जुलैमध्ये रेफरन्सचा विषय काढलाच नव्हता. मोबाईल खिशातच ठेवला, लोक कामात असतात आणि आपण त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा हे मला जमत नाही, शिवाय शूट केलं की आपण बघायचं सोडून देतो, घरी जाऊन बघू म्हणतो. एका कोपऱ्यात उभं राहून फक्त पाय बघत होते. एक मावशी म्हणालीच, "काय गो, घ्यायचं हाय का नुसतं बगायचं?" ताईने अर्धा किलो कोलंबी घेतली, मग कोणी काही बोललं नाही.

जे दिसलं ते लिहून ठेवते, नाहीतर आठवड्याने सगळं आपल्या मनाने बदलतं.

डोक्यावर ओझं असलेली बाई मान वळवत नाही. हाक आली की डोळे जातात, आणि मग अख्खी बाई वळते, खांदे कंबर पाय सगळं एकत्र. आम्हाला शिकवलेलं असतं की वळताना आधी डोळे, मग मान, मग खांदे, मग कंबर, एकामागून एक. इथे ती साखळी लागूच होत नाही कारण मान म्हणजे खांब आहे, त्यावर वजन उभं आहे.

दुसरं, थांबताना पुढे झोक जात नाही. मोकळा माणूस घाईत थांबला की छाती जराशी पुढे जाते आणि परत येते. यांची छाती सरळच राहते, सगळं ब्रेक लावायचं काम गुडघे आणि कंबर करतात. वरून बघितलं तर पाटी जणू रुळावर चाललीय, खाली मात्र बरंच काही चालू असतं.

तिसरं, उतरवताना कमरेत वाकत नाहीत, गुडघ्यात बसतात. आणि पाटी गेल्यावर चुंबळ डोक्यावरच राहते, ती नंतर सावकाश हाताने काढतात, काही जणी काढतही नाहीत. यासाठी ती वेगळी हवी होती.

७ ऑगस्ट

सायकल बसली. शिकवताना पावलाला १२ फ्रेम धरतात, म्हणजे मिनिटाला १२० पावलं, ते सगळ्यांना पाठ असतं आणि म्हणूनच निम्मी कॅरेक्टर्स एकाच चालीने चालतात. मावशीला पावलाला १० दिल्या, म्हणजे मिनिटाला १४४. ओझं असलं की पाऊल छोटं आणि भराभर पडतं, वर काष्ट्याचं लुगडं मांडीपासून आवळलेलं, मोठी टांग टाकायला जागाच नाही. पाऊल ५० सेंटिमीटर. दोन पावलांची सायकल २० फ्रेमची, तेवढ्यात ती १ मीटर जाते, म्हणजे फ्रेमला ५ सेंटिमीटर. हा ५ चा आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सायकल जागच्या जागी चालणारी आहे, त्यामुळे जमिनीवर टेकलेला पाय फ्रेमला बरोबर ५ सेंटिमीटर मागे सरकला पाहिजे आणि रूट तेवढाच पुढे गेला पाहिजे, तरच पाय जागेवर टेकलेला दिसतो. ५ च्या ऐवजी पावणेपाच झालं तरी मावशी बर्फावर चालतेय.

चालताना प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. २० फ्रेममध्ये ते १२ आणि ८ असं सुरेख बसतं. टेकलेल्या १२ फ्रेममधला कर्व्ह, म्हणजे फ्रेमागणिक जागा कशी बदलते त्याचा आलेख, एकदम सरळ रेघ, लिनिअर, तिथे जराही ईज (हळू सुरू, हळू बंद) दिलं की घसरलं. बरेच जण सगळे कर्व्ह गुळगुळीत करतात आणि मग पाय का घसरतो म्हणून रिगला शिव्या देतात.

वर-खालीचं असं आहे की साध्या चालण्यात गुरुत्वमध्य ४-५ सेंटिमीटर वर-खाली होतो. मी कंबरेला ३ दिले आणि डोक्यापर्यंत येताना १ च उरवला, मधले कण्यात जिरवले. कंबर मात्र बाजूला भरपूर झुलते, धक्क्यावर तेच दिसलं, ओझ्याखाली झुलणं कमी नाही होत, उलट वाढतं. डावा हात पाटीला, उजवा मोकळा झुलतोय.

ताईने विचारलं पाटी जड दिसेल ना. त्याच्यावर एक गमतीशीर गोष्ट वाचलेली आहे, १९८६ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा अभ्यास आला होता, त्या (लुओ डोक्यावर, किकुयू कपाळाला पट्टा लावून पाठीवर) स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं घेऊन चालल्या तरी त्यांना जास्तीची ऊर्जा लागली नाही, त्याच्या वर मात्र ओझ्याबरोबर खर्च वाढत गेला. आपल्या मावशीला ५५ किलोची धरली तर २० टक्के म्हणजे ११ किलो. आमची पाटी भरलेली, ओली, बर्फ घातलेली, त्याच्या बरीच वर. मग वजन दिसायलाच हवं, पण चेहऱ्यावर कष्ट वगैरे आणून नाही, तिला सवय आहे. डाऊन पोझमध्ये, म्हणजे पाऊल पडल्यावर अंग सगळ्यात खाली असतं तिथे, गुडघा एक फ्रेम जास्त खाली राहतो, बास, तेवढ्यात वजन दिसतं.

११ ऑगस्ट, सोमवार

आज सांधा. आधी सगळे जे करतात ते करून बघितलं, ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या एनएलए एडिटरमध्ये, तिथे तयार हालचाली (ॲक्शन) पट्ट्या (स्ट्रिप) करून एकावर एक लावता येतात. चालण्याची ॲक्शन खाली ढकलून तिची स्ट्रिप केली, रिपीट वाढवलं, वरच्या ट्रॅकवर थांबायची ॲक्शन टाकली आणि तिला १२ फ्रेमचं ब्लेंड इन दिलं. एक लक्षात ठेवायचं, एनएलएमध्ये स्ट्रिप रिपीट केली तर अंतर पुढे जोडलं जात नाही, प्रत्येक फेरीला रूट परत शून्यावर. म्हणून चालण्याच्या ॲक्शनमध्ये रूटला एकही की (ठरावीक फ्रेमला नोंदवलेली जागा) ठेवली नाही, रूटचं पुढे जाणं वेगळ्या ट्रॅकवर. ग्राफ एडिटरमधल्या सायकल्स मॉडिफायरला रिपीट विथ ऑफसेट आहे, त्यात अंतर पुढे जोडलं जातं, ते दुसरं.

प्ले केलं. अपेक्षेप्रमाणे ते मऊ मऊ आलंच. ना धड चालतेय ना धड थांबतेय.

हे का होतं ते जरा सविस्तर लिहिते, कारण टीममधल्या ज्युनिअरला उद्या हेच समजवायचंय. ब्लेंड म्हणजे सरासरी. खालच्या ॲक्शनचं इतके टक्के, वरच्याचं इतके टक्के, प्रत्येक फ्रेमला प्रमाण बदलत जातं. आता चालण्याच्या ॲक्शनमध्ये एखाद्या फ्रेमला उजवा पाय हवेत आहे आणि थांबायच्या ॲक्शनमध्ये तोच पाय जमिनीवर आहे, तर सरासरी काय येणार? जमिनीपासून चार बोटं वर लटकलेला पाय. असा पाय दोन्हीपैकी कुठल्याच ॲक्शनमध्ये नाही आणि कुठल्याच माणसाचाही नसतो. शरीर दोन हालचालींची सरासरी काढत नाही, ते एक पाऊल पुरं करतं आणि पुढचं वेगळं टाकतं.

मग कधी चालतं? दोन्ही ॲक्शनमध्ये तोच पाय, त्याच जागी टेकलेला असेल तेवढ्याच फ्रेममध्ये. आयके पाय असेल, रूट फिरत नसेल, तर जागेची सरासरी जागाच येते, पाय हलत नाही, हे मी कागदावर मांडून बघितलं आणि मग फाईलमध्येही बघितलं, बरोबर आहे. पण पाय एफके असला तर सरासरी कोनांची होते आणि तळवा जागा सोडतोच. आणि रूट वळायला लागला की आयकेलाही ते गणित लागू नाही. म्हणजे आमच्या केसमध्ये फार फार तर १२ फ्रेमची खिडकी मिळते, एक पाय टेकल्यापासून उचलेपर्यंत. आणि त्या खिडकीत दोन्ही ॲक्शन जुळवायच्या तर थांबायचं पाऊल हाताने बसवावंच लागतं, त्याच जागी त्याच फ्रेमला. ते हाताने बसवलंच असेल तर मग ब्लेंड कशाला हवंय? पायांसाठी ब्लेंड वापरायचं नाही, ठरलं. वरच्या अंगाचं बघू.

१२ ऑगस्ट

गेममध्ये काम करणाऱ्या मित्राला रात्री फोन केला होता, तो म्हणतो आमच्याकडे हे रोजचंच, फेज, म्हणजे पाऊल कुठल्या टप्प्यात आहे ते, जुळवून ब्लेंड करतो, डावा पाय डाव्याला. आता मोशन मॅचिंग आहे, २०१६ च्या जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत उबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या सायमन क्लाव्हेने ते दाखवलं होतं, ढीगभर रेकॉर्ड केलेल्या हालचालींमधून प्रत्येक क्षणी जवळची पोझ शोधायची आणि तिथे उडी मारायची. भारी आहे, वादच नाही. पण त्यांची अडचण वेगळी आहे, खेळणारा कधी बटण सोडेल हे त्यांना माहीतच नसतं. मला माहितीय मावशी कितव्या फ्रेमला थांबणार आहे. आणि माहिती असूनही मी न माहीत असल्यासारखं काम का करू?

१४ ऑगस्ट

आजचं काम सगळ्यात आवडलं, म्हणून लांब लिहितेय.

हाताने चित्रं काढून ॲनिमेशन करायचे तेव्हा सायकलमधून बाहेर पडायला हुक-अप ड्रॉइंग असायचं, म्हणजे सायकलचं अमुक नंबरचं चित्र आणि पुढच्या मोकळ्या कामाचं पहिलं चित्र एकच. ताई शिकली ती त्याच पद्धतीत, तिने हा शब्द वापरला आणि एकदम डोक्यात बसलं. ब्लेंडची पट्टी नको, एक फ्रेम हवी. प्रश्न एवढाच की कुठली.

हाक साऊंडमध्ये ८४ व्या फ्रेमला सुरू होते. आवाज ऐकून माणूस प्रतिक्रिया द्यायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा घेतो, म्हणजे ४-५ फ्रेम. म्हणजे ८८-८९ ला मावशीला "कळलं". माझ्या सायकलमध्ये उजवा पाय १, २१, ४१, ६१, ८१ ला टेकतो आणि डावा ११, ३१, ५१, ७१, ९१ ला. आता बघा, ८४ ला हाक आली तेव्हा डावा पाय आधीच हवेत आहे, ८८ ला कळेपर्यंत तो निम्म्याहून पुढे गेलाय. ते पाऊल आता बदलणार नाही, ते ठरल्याप्रमाणे ९१ ला ठरल्या जागी पडणार. बदलू शकतं ते पुढचं उजवं पाऊल. म्हणजे पायांचा हुक-अप ९१, डाव्या पायाची काँटॅक्ट पोझ, म्हणजे पाय टेकतो ती. डोळे मात्र ८८ ला निघालेले असतात. बघणाऱ्याला ती थांबली असं वाटतं ११५ च्या आसपास, आणि सायकल मेलेली असते त्याच्या एक सेकंद आधी.

मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. आपण थांबण्यावर सांधा मारायला जातो. थांबायचा निर्णय दीड-दोन पावलं आधी झालेला असतो, सांधा तिथे मारला की दिसतच नाही, कारण त्या फ्रेमला बाई अजून पूर्ण वेगात चालतेय आणि दोन्ही बाजूची पोझ एकच आहे.

पुढची कृती. १ ते ९१ एनएलएमध्ये सायकल. मग बेक ॲक्शन (दिसतेय ती हालचाल प्रत्येक फ्रेमला की म्हणून उतरवायची), व्हिज्युअल कीइंग चालू, फक्त निवडलेली बोन्स, म्हणजे दोन पाय आणि रूट, आणि तेही शेवटच्या दोन पावलांपुरतंच. अख्ख्या रिगचं २४० फ्रेम बेक करणारे लोक बघितलेत मी, नंतर प्रत्येक बोनला प्रत्येक फ्रेमवर की, कर्व्हला हात लावायची सोय नाही. बेक झाल्यावर पायांचा पेरेंट रूटवरून काढून वर्ल्डवर टाकला, आता पाय जमिनीचा, रूटचा नाही. जागा बदलू नये म्हणून ग्लोबल ट्रान्सफॉर्म (सीनमधली नेमकी जागा) कॉपी करून पेस्ट, त्याचं ॲडऑन ब्लेंडरबरोबरच येतं. इथून पुढे रूट काहीही करू दे, टेकलेला पाय टेकलेलाच.

ब्रेकचं पाऊल. उजवा पाय ९३ ला सुटतो, १०२ ला पडतो, सायकलपेक्षा एक फ्रेम उशिरा, ४५ सेंटिमीटरवर. रूट ९३ पर्यंत फ्रेमला ५, आणि तिथून उतरत उतरत ११९ ला शून्य. हिशोब केला तर १०२ ला उजवा पाय अंगाच्या २८ सेंटिमीटर पुढे येतो, सायकलमध्ये तो ३० असायचा, म्हणजे जवळपास तेच! पाय टेकताना चालण्यात आणि थांबण्यात दिसायला फार फरकच नसतो. फरक नंतर आहे. चालताना अंग टेकलेल्या पायावरून पलीकडे जातं, थांबताना अंग पायावर येतं आणि तिथेच राहतं. डावा पाय ११५ ला शेजारी येऊन टेकतो, पुढे नाही. कंबर ११९ ला जरा पुढे जाऊन मागे येते, २ सेंटिमीटर, जास्त नाही, वर पाटी आहे. उजवा गुडघा १०५ ला सगळ्यात जास्त वाकलेला.

प्ले केलं आणि थांबली की हो बाई! खरंच थांबली.

१६ ऑगस्ट

दहीहंडी. खाली डीजे चालू, काम शून्य. फक्त फाईलचा बॅकअप घेतला. बाकी मानवी मनोऱ्यातल्या खालच्या थरातल्या पोरांचे गुडघे बघण्यासारखे असतात, वजन वाढत जातं तसे ते आत जायला लागतात, पाटीच्या शॉटला नाही पण कधीतरी उपयोगी पडेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबायचं नाव नाही, आज लोकलही बंद, शाळांना सुट्टी, घरूनच. लाईट दोनदा झपकली, यूपीएसवर सेव्ह करत करत वळणं बसवलं.

वळायचंय ११० अंश. रूट फिरवून टाकला असता तर पाच मिनिटांचं काम होतं, पण पाय वर्ल्डवर आहेत, ते फिरणार नाहीत, आणि खरंच फिरत नाहीत ना, उभा माणूस पाय न उचलता ११० अंश वळूच शकत नाही. तीन छोटी पावलं लागली. उजवा पाय टाच टेकवून थोडा फिरतो, मग डावा उचलून बाहेर, मग उजवा परत शेजारी.

यात एक जागा अशी आहे जी सोडली की कॅरेक्टर तरंगतं. उभं राहिलेला माणूस पाऊल उचलायच्या आधी, जो पाय उचलायचा त्याच पायाखाली क्षणभर दाब वाढतो. त्या पायाने हलकं ढकललं की अंग दुसऱ्या पायावर जातं आणि मगच पहिला पाय मोकळा होऊन सुटतो. आपल्याला स्वतःला जाणवतही नाही. उभं राहून करून बघा, पण विचार करत करत केलं तर चुकतं. मावशीचा डावा पाय १३० ला उचलायचा तर १२३ ला डावी टाच आणि बोटं दाबली जातात, लुगड्याचा काठ किंचित हलतो, १२६ पर्यंत कंबर उजवीकडे, आणि मग पाय उठतो. सात फ्रेमचं काम. सायकलमध्ये हे कधीच लागत नाही कारण तिथे वजन आधीच चालू असतं, एका पायावरून दुसऱ्यावर आपोआप जातं. सायकलमधून मोकळ्या कामात आल्यावर वजनाची व्यवस्था आपणच लावायची असते.

मान एकदाही वळवली नाही. डोळे ८८ ला डावीकडे कोपऱ्यात जातात ते ११९ पर्यंत तिथेच, मग अंग वळायला लागलं की हळूहळू मध्यावर येतात. रिगवाल्याने बघून विचारलं, "अगं मान विसरलीस का?" त्याला म्हटलं एक पाण्याची बादली डोक्यावर घे आणि हाक मारते, बघ. त्याने घेतली नाही.

२१ ऑगस्ट

वरचं अंग. इथे ब्लेंड वापरलं, आणि इथे ते छान चालतं. कणा, खांदे, उजवा हात एवढ्याच बोन्सच्या की असलेली वेगळी स्ट्रिप केली आणि तिला ८८ पासून १४ फ्रेमचं ब्लेंड इन. हात हवेतच असतो, कशालाच टेकलेला नाही, त्याची सरासरी काढली तरी कोणाला कळत नाही. नियम असा काढता येईल की जे टेकलंय ते फ्रेमवर बदला, जे लटकतंय ते ब्लेंडने. डावा हात पाटीला टेकलेला आहे म्हणून तो ब्लेंडमध्ये घेतलाच नाही.

उजव्या हाताचं नशीब चांगलं निघालं. ९१ ला डावा पाय पुढे म्हणजे उजवा हात पुढच्या टोकाला. तिथून तो मागे जायला निघतो, अर्ध्यात अंगाचा वेग जातो, हात तसाच थोडा मागे वाहत जातो आणि मग वर पाटीकडे. ते मागे वाहणं ठेवलंच, ते काढलं तर हात एकदम सरकारी सलाम ठोकायला निघाल्यासारखा दिसतो.

मध्येच मनगट गर्रकन पूर्ण फिरत होतं, दोन फ्रेम. हे क्वाटर्निअनचं, म्हणजे फिरवणं चार आकड्यांत लिहायच्या पद्धतीचं. एकच फिरवण्याला दोन क्वाटर्निअन असतात, सगळी चिन्हं उलटी केली तरी पोझ तीच. पण एका स्ट्रिपमध्ये अधिक आणि दुसरीत उणे असेल तर सरासरी नको त्या वाटेने जाते. पोझ मेनूत चिन्हं उलटी करणारं फ्लिप क्वॉट्स आहे, दुसऱ्या स्ट्रिपच्या त्या बोनच्या कींवर तेवढं केलं, गेलं. मनगटाला क्वाटर्निअन ठेवून दुसऱ्या फाईलमध्ये ऑइलर (तीन कोनांची पद्धत) वापरणारे लोकही असतात, त्यांच्याशी मी बोलत नाही.

२२ ऑगस्ट

पाटी उतरवणे. १६८ ला दोन्ही हात काठाला. चाइल्ड ऑफ कंस्ट्रेंटने, म्हणजे एका गोष्टीला दुसरीच्या मागे चालवणाऱ्या बंधनाने, पाटी डोक्याला बांधलेली होती. १८२ ला त्या बंधनाचा जोर, इन्फ्लुएन्स, एकावरून शून्य, मध्ये ग्रेड नाही, एका फ्रेमवर एक आणि पुढच्या फ्रेमवर शून्य, आणि त्या फ्रेमची पाटीची ग्लोबल जागा पेस्ट. इथून पाटी स्वतःच्या कंट्रोलवर, आणि दोघी बायकांचे चारही हात आयके करून पाटीला बांधले. उलटं, म्हणजे पाटी हातांना बांधायची, असं केलं तर चार हातांपैकी कोणाचं ऐकायचं हा प्रश्न येतो.

मावशी गुडघ्यात २० सेंटिमीटर बसते, दुसरीचे हात लागतात, पाटी आधी दुसरीच्या बाजूला कलते, मग सुटते. कललेल्या बाजूने पाणी ओघळतं, ते इफेक्टवाला करणार आहे, त्याला फ्रेम नंबर दिले.

वजन गेल्यावर काय होतं यावर दुपार गेली. मान एक सेंटिमीटर लांब होते. खांदे वर येतात, मग पडतात. अंग किंचित मागे जातं कारण इतका वेळ ज्याच्या विरुद्ध जोर लावत होतो ते नाहीच. चुंबळ डोक्यावर, एका बाजूला दबलेली, पाटीच्या बुडाच्या आकाराची. ती २१५ ला एका बोटाने उचलते आणि कमरेला खोचते. खोचायचं ताईने सुचवलं, मी नुसती काढून हातात ठेवली होती.

आणि आता, पाटी गेल्यावर, मावशी पहिल्यांदा मान वळवते.

२५ ऑगस्ट, सोमवार

गिरगावात ताईकडे रिव्ह्यू. व्ह्यूपोर्ट रेंडर, म्हणजे कच्चा व्हिडिओ, टीव्हीवर लावला. ताईने सवयीप्रमाणे आधी आवाज बंद करून बघितला, मग फक्त पाय दिसतील असा कागद आडवा धरून, मग उलटा. "थांबते कुठे ते दाखव," म्हणाली. मी ९१ ला नेलं. "इथे? इथे तर चालतेय." म्हटलं तेच तर.

बदल दोन सांगितले. कंबरेचं थांबताना मागे येणं अजून कमी, आणि हाक ८४ ऐवजी ८१ ला घ्यायचीय, साऊंडवाल्याला तिथे ट्रेनची अनाऊन्समेंट टाळायचीय. मी जरा बोटं मोजली, ८१ ला हाक आली तर कळायला ८५-८६, डावा पाय ८३ ला उचललेलाच असतो, त्यामुळे हुक-अप ९१ च राहतो, फक्त डोळे आणि वरची स्ट्रिप तीन फ्रेम आधी. हाक ७७ च्याही मागे गेली असती तर मात्र कळेपर्यंत डावा पाय उचललाच नसता, मग तेच ब्रेकचं पाऊल झालं असतं आणि पाय पहिल्यापासून. ताईला म्हटलं ८० च्या मागे मागू नकोस. "बरं बाई," म्हणाली.

२६ ऑगस्ट

दोन्ही बदल केले, ९१ पर्यंतची सायकल स्ट्रिप तशीच ठेवून फाईल लाइटिंगला दिली. उद्यापासून गणपती, सगळी टीम आपापल्या घरी, लाइटिंगवाला तर चिपळूणला पोचलासुद्धा.

पुढे शॉट ८, मावशी रिकामी पाटी घेऊन लगेजच्या डब्यात चढते. तीच सायकल, पण पाटी रिकामी म्हणून पावलाला ११ फ्रेम आणि कंबर कमी झुलती करून बघणार. हुक-अप दांड्याला हात लागतो तिथे नाही, फूटबोर्डवर पाय पडायच्या आधीच्या काँटॅक्टवर, आणि तो उजवा असावा कारण कॅमेरा डावीकडे आहे, डावा पाय आडवा येईल. दांडा धरल्यावर हात टेकलेला, म्हणजे तो ब्लेंडमधून बाहेर. रिगवाल्याला डाव्या हाताची आयके-एफके स्विच गणपतीआधी मागितली होती, मिळालेली नाही.